अस्वलांच्या पंगतीत पाहुणे

अलास्काच्या दक्षिण भागात, कुक इनलेट नावाच्या समुद्राच्या लांबट फाट्याला मॅकनील नावाची एक नदी येऊन मिळते. समुद्राजवळ पोचण्यापूर्वी ही नदी खडकांच्या पायऱ्यांवरून खळाळत उतरते. धबधबा म्हणावा इतकी त्याची उंची नाही. पण नदी चढून वर जाणारे मासे थबकावेत इतका उतार मात्र आहे. जुलै महिन्यात या जागी तपकिरी अस्वलांची अक्षरशः जत्रा भरते. पात्रात अस्वले, काठावर अस्वले, खडकांवर अस्वले. एकाच वेळी ७४ अस्वले नजरेच्या टप्प्यात असल्याची येथे नोंद आहे. एका उन्हाळ्यात तर वेगवेगळी १४४ अस्वले ओळखता आली होती.

आणि या जत्रेच्या काठाशी, खडी पसरलेल्या एका छोट्या सपाट जागेवर, दहा माणसे उभी असतात. मध्ये कुंपण नाही, काच नाही, खंदक नाही. अस्वले कधी कधी या माणसांपासून काही पावलांवरून चालत जातात, वळूनही पाहत नाहीत. चारशे-पाचशे किलो वजनाचा प्राणी, ज्याच्या एका पंजाच्या फटक्याने माणूस गतप्राण होईल, तो शेजारून निघून जातो आणि माणसे श्वास रोखून पाहत राहतात.

येथे प्रेक्षकांसाठी परवाना पद्धत १९७३ साली सुरू झाली. तेव्हापासून एकाही प्रेक्षकाला अस्वलाकडून इजा झालेली नाही. तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रेक्षकांना वाचवण्यासाठी एकही अस्वल मारावे लागलेले नाही.

हे कसे साधले? येथील अस्वले स्वभावाने गरीब आहेत का? मुळीच नाही. ती याच जातीची, याच प्रदेशातील अस्वले आहेत, आणि इतरत्र माणसावर त्यांचे हल्ले झालेले आहेत. मग या दहा माणसांत असे काय आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की प्राण्यांच्या वर्तनाविषयी आणि थोडेसे आपल्या वर्तनाविषयीही बरेच काही शिकायला मिळते.

एकलकोंडे प्राणी एकत्र का येतात?

तपकिरी अस्वल हा मुळात एकट्याने राहणारा प्राणी आहे. पिल्ले बरोबर असलेली मादी आणि विणीच्या काळातील जोडपी सोडली, तर दोन मोठी अस्वले एकमेकांना टाळतात. समोरासमोर आलीच तर गुरगुरतात, मान खाली घालून बाजूने उभी राहतात, वेळप्रसंगी भांडतात. मग मॅकनीलवर एवढी गर्दी होते कशी?

कारण आहे सालमन मासा. प्रशांत महासागरातील सालमन नदीत जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्या जन्माच्या नदीतच परततात. अंडी घातली की ते मरतात. म्हणजे प्रत्येक उन्हाळ्यात, ठरावीक आठवड्यांत, समुद्रात तयार झालेले कित्येक टन मांस आपण होऊन नदी चढत येते. मॅकनीलच्या शेजारच्या मिकफिक ओढ्यात जूनमध्ये सॉकआय जातीचे सालमन येतात. ते संपतात न संपतात तोच जुलैत मॅकनील नदीत चम जातीचे सालमन चढू लागतात. अस्वलेही त्याप्रमाणे मुक्काम हलवतात.

अन्न जेव्हा विखुरलेले असते, तेव्हा दुसऱ्या अस्वलाला हाकलून लावण्यात फायदा असतो. पण अन्न एकाच जागी आणि मुबलक असेल, तर भांडत बसणाऱ्याचेच नुकसान होते. तो भांडत असताना शेजारी चार मासे खाऊन मोकळा होतो. त्यामुळे अशा नद्यांवर अस्वले परस्परांना सहन करायला शिकतात. मानपान येथेही असतो. सर्वांत मोठे नर मोक्याच्या जागा पटकावतात, तरुण अस्वले कडेला उभी राहतात, पिल्लांच्या आया मोठ्या नरांपासून अंतर राखतात, कारण नर पिल्लांना मारू शकतात. पण एकंदरीत प्रत्येक अस्वलाचे ‘याच्या आत येऊ नकोस’ असे जे अंतर असते, ते येथे बरेच कमी झालेले असते.

संशोधकांच्या मते माणसांना येथे जवळ उभे राहता येते त्याचे एक कारण हेच आहे. जे अस्वल दुसऱ्या अस्वलाला दहा पावलांवर सहन करायला शिकले आहे, त्याला काठावर स्तब्ध उभी असलेली माणसे सहन करणे तुलनेने सोपे जाते. अन्नाची टंचाई असलेल्या डोंगराळ भागातील अस्वलाकडून मात्र अशी अपेक्षा करता येत नाही. मॅकनीलवर जे चालते ते सगळीकडे चालेल असे समजू नये, हा पहिला धडा.

पोट भरण्याची घाई

काठावरच्या प्रेक्षकाला हा खेळ वाटतो. अस्वलाच्या दृष्टीने मात्र ती वर्षभराची बेगमी असते.

अस्वल हिवाळ्यातील पाच-सहा महिने गुहेत काढते. त्या काळात ते खात नाही, पाणी पीत नाही, मलमूत्र विसर्जनही करीत नाही. शरीर चालते ते साठवलेल्या चरबीवर. ही चरबी उन्हाळा आणि शरद ऋतू मिळून काही महिन्यांत जमवायची असते. म्हणूनच मासे भरपूर असले की अस्वल अख्खा मासा खात बसत नाही. सर्वांत जास्त चरबी असलेले भाग, म्हणजे मेंदू, कातडी आणि माशांची अंडी, तेवढे खाऊन उरलेला मासा टाकून देते व पुढचा पकडते. आपल्याला ती नासाडी वाटते; पण टाकलेल्या माशांवर कुरव पक्षी, गरुड, कोल्हे जगतात. अस्वलांनी रानात ओढून नेलेले मासे कुजतात आणि त्यांच्यातील नायट्रोजन झाडांना मिळतो. समुद्रातून आलेल्या नायट्रोजनमध्ये त्याच्या जड समस्थानिकाचे प्रमाण थोडे जास्त असते, त्यामुळे तो झाडाच्या पानांतही ओळखता येतो. अलास्कातील केनाई द्वीपकल्पावर केलेल्या अशा एका अभ्यासात, सालमनच्या ओढ्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आतील स्प्रूस वृक्षांच्या पानांतील नायट्रोजनचा सुमारे सहावा हिस्सा सालमन माशांकडून आलेला आढळला, आणि तो तेथपर्यंत पोचवण्याचे काम मुख्यतः अस्वलांनी केले होते.

मादीच्या बाबतीत ही चरबी आणखी एका कारणाने महत्त्वाची ठरते. अस्वलांचे मीलन उन्हाळ्याच्या सुरुवातीला होते. पण फलित अंड्यातून तयार झालेला इवलासा गर्भ लगेच गर्भाशयाच्या भिंतीत रुजत नाही. तो काही महिने तसाच तरंगत राहतो. नोव्हेंबरच्या सुमारास, मादी गुहेत जाण्याच्या वेळी तो रुजतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत जेमतेम अर्धा किलो वजनाची पिल्ले जन्मतात. गुहेत मादी स्वतः उपाशी असताना त्यांना दूध पाजते. चरबी पुरेशी नसेल तर गर्भ पुढे वाढतच नाही. बंदिवासातील अस्वलांवर वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात झालेल्या अभ्यासात, शरीरातील चरबी सुमारे २० टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या माद्यांना मीलन होऊनही पिल्ले झाली नाहीत.

आता विचार करा. प्रेक्षकांच्या गडबडीमुळे एखादी लाजरी मादी नदीवर यायचेच टाळू लागली तर काय होईल? कोणी तिला दगड मारला नाही, गोळी घातली नाही. पण त्या हिवाळ्यात तिच्या गुहेत पिल्ले नसतील. पर्यटनाने होणारी हानी बहुधा अशी असते. ती छायाचित्रात दिसत नाही आणि प्रेक्षकांच्या ध्यानातही येत नाही.

मॅकनीलवर नेमके हेच घडू लागले होते. ही जागा १९५० च्या दशकातच छायाचित्रकारांना माहीत झाली. १९६७ साली तिला कायद्याने अभयारण्याचा दर्जा मिळाला. पण शिकार थांबली तरी माणसांवर बंधन नव्हते. लोक वाटेल तेव्हा येत, वाटेल तेथे फिरत, धबधब्याशी गळ टाकून मासेही धरत. नदीवर दिसणाऱ्या अस्वलांची संख्या घटत गेली. तेव्हा १९७३ पासून सोडत काढून परवाने देण्यास सुरुवात झाली: ७ जून ते २५ ऑगस्ट या काळात, चार-चार दिवसांचे गट, आणि धबधब्यावर दिवसाला जास्तीत जास्त दहा जण. १९७६ पासून जवळजवळ तीस उन्हाळे लॅरी ऑमिलर यांनी येथील व्यवस्थापन पाहिले. पुढच्या काळात अस्वलांची संख्या कमी न होता वाढत गेली. माणसे येणे बंद झाले नव्हते. त्यांची वागण्याची रीत बदलली होती.

सरावलेले आणि चटावलेले

या रीतीमागचे तत्त्व समजून घेण्यासाठी दोन शब्दांतील फरक नीट लक्षात घेतला पाहिजे: सरावणे आणि चटावणे.

रेल्वे रुळाजवळ राहायला गेलेल्या माणसाला पहिल्या रात्री प्रत्येक गाडीला जाग येते. महिन्याभराने तो घोरत पडतो. गाडीचा आवाज कमी झालेला नसतो. ‘या आवाजापासून मला ना धोका ना लाभ’ एवढे त्याच्या मेंदूने शिकून घेतलेले असते. यालाच सरावणे म्हणायचे. तेच ते उद्दीपन वारंवार मिळाले आणि त्याचा परिणाम काहीच झाला नाही, तर प्रतिसाद हळूहळू मंदावतो. शिकण्याचा हा सर्वांत साधा प्रकार आहे. गोगलगायीपासून माणसापर्यंत तो आढळतो.

चटावणे ही गोष्ट वेगळी. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याचा प्रयोग आपण अध्यापक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात वाचलेला असतो. घंटा आणि अन्न पुन्हा पुन्हा बरोबर आले, की नुसत्या घंटेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. पुढे स्किनरने दाखवले की ज्या कृतीनंतर बक्षीस मिळते ती कृती प्राणी पुन्हा पुन्हा करतो. माणूस आणि अन्न यांची सांगड अस्वलाच्या डोक्यात एकदा बसली की माणूस हीच घंटा होते. आणि माणसाजवळ जाण्याचे बक्षीस मिळाले, की जवळ जाणे वाढते. घाटातील वळणावर केळी आणि वेफर दिल्या गेलेल्या माकडांकडे पाहा. ती माणसाला नुसती घाबरेनाशी झालेली नसतात, ती त्याच्या हातातील पिशवी ओढतात. रानातील माकड आणि घाटातील माकड यांच्या जातीत फरक नाही, फरक शिकवणीत आहे.

सरावलेल्या अस्वलासाठी माणूस म्हणजे काठावरचा एक खडक. चटावलेल्या अस्वलासाठी माणूस म्हणजे शिदोरीचा डबा. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही अस्वले सारखीच ‘धीट’ दिसतात, आणि गोंधळ येथेच होतो. मॅकनीलची सारी व्यवस्था एका वाक्यात सांगायची तर अशी: अस्वलांना माणसाचा सराव होऊ द्यायचा, चटक मात्र कधीही लागू द्यायची नाही.

म्हणून तेथे सगळ्यांचे सगळे अन्न एकाच मजबूत खोलीत ठेवतात. स्वयंपाक आणि जेवण तेथेच. तंबूत बिस्किटाचा पुडाही न्यायचा नाही. खरकटे, कचरा काहीही मागे राहू द्यायचे नाही. तंबूच्या परिसरात अस्वल आले तर त्याला ठामपणे हुसकावून लावतात. धबधब्यावर मात्र त्याला कोणी हुसकावत नाही. ‘ती जागा तुमची, ही जागा आमची’ ही सीमा अस्वलांना शिकवता येते, मात्र शिकवणी रोज सारखी हवी. एक दिवस सूट दिली की सगळे मुसळ केरात.

यलोस्टोनचा धडा

याच्या अगदी उलट प्रयोग अमेरिकेतच झाला होता. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात एकेकाळी हॉटेलांचे खरकटे ठरावीक जागी टाकत, आणि ते खायला येणारी अस्वले पाहण्यासाठी समोर बाके मांडलेली असत. संध्याकाळचा तो एक करमणुकीचा कार्यक्रमच होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे कार्यक्रम बंद पडले, पण उकिरडे आणि रस्त्याकडेला मोटारींतून अस्वलांना खाऊ घालणे चालूच राहिले.

परिणाम काय झाला? १९३१ ते १९६९ या काळात यलोस्टोनमध्ये दर वर्षी सरासरी ४८ माणसांना अस्वलांकडून इजा झाली. यांत बहुसंख्य अस्वले काळी होती, तपकिरी कमी. मालमत्तेच्या नुकसानीचे प्रकार वर्षाला शंभरावर जात. आणि दर वर्षी अनेक अस्वले ‘धोकादायक’ ठरवून मारली जात. त्यांचा गुन्हा एवढाच, की माणसाने शिकवलेला धडा ती नीट शिकली होती.

१९७० च्या सुमारास उकिरडे बंद केले गेले, कचऱ्याच्या पेट्या अस्वलांना उघडणार नाहीत अशा केल्या गेल्या, खाऊ घालणाऱ्यांवर कारवाई होऊ लागली. संक्रमणाचा काळ फार कठीण गेला. उकिरडे हळूहळू बंद करावेत की एकदम, यावर फ्रँक व जॉन क्रेगहेड हे संशोधक बंधू आणि उद्यानाचे अधिकारी यांच्यात तीव्र वाद झाला. उकिरड्यावर वाढलेली बरीच अस्वले अन्नाच्या शोधात वस्त्यांकडे वळली आणि मारली गेली. १९७५ मध्ये तेथील तपकिरी अस्वलांना संरक्षित दर्जा द्यावा लागला. त्या वेळी यलोस्टोन परिसरात त्यांची संख्या १३६ च्या आसपास उरली असावी असा अंदाज होता. आज तो आकडा हजाराच्या जवळपास आहे, आणि उद्यानात माणसाला इजा होण्याचे प्रमाण वर्षाला सरासरी एक किंवा त्याहूनही कमी झाले आहे. पर्यटक मात्र तेव्हापेक्षा कितीतरी जास्त येतात!

वाटाड्या काय करतो?

रानातील अस्वले दाखवायला नेणारा वाटाड्या म्हणजे ‘ते पाहा अस्वल’ असे बोट दाखवणारा माणूस, अशी आपली समजूत असते. खरे तर त्याचे निम्म्याहून अधिक लक्ष माणसांकडेच असते.

मॅकनीलवर तळापासून धबधब्यापर्यंत तीनेक किलोमीटर चालावे लागते. सर्वांनी एकत्र, एका रांगेत, रोज त्याच वाटेने जायचे. झाडीतून जाताना बोलत, टाळ्या वाजवत जायचे, म्हणजे अस्वलाला आपली चाहूल आधी लागते. अस्वलाचे बरेच हल्ले हे दचकल्यामुळे झालेले असतात. अचानक समोर आलेल्या माणसाशी, विशेषतः पिल्ले जवळ असताना, मादी विचार करीत बसत नाही. धबधब्यावर पोचल्यावर त्याच जागी, त्याच आकाराचा घोळका करून, मोठा आवाज वा हातवारे न करता थांबायचे. एखादे अस्वल जवळ आले तर जागा सोडून त्याच्याकडे जायचे नाही आणि पळायचेही नाही. जवळ यायचे की नाही हे अस्वल ठरवील, माणूस नव्हे.

यातील प्रत्येक नियम एकाच सूत्राशी जोडलेला आहे: माणसाचे वागणे अस्वलाला आधीपासून ओळखता आले पाहिजे. वाट तीच, वेळ तीच, जागा तीच, आकार तोच. असे वर्षानुवर्षे चालले म्हणजे अस्वलाच्या लेखी त्या माणसांचा अर्थ ठरून जातो. काही माद्या तर मासे धरायला जाताना पिल्लांना प्रेक्षकांच्या जवळपास सोडून जातात असे दिसून आले आहे. त्या माणसावर ‘विश्वास’ टाकतात असे म्हणण्याचा मोह होतो. साधा अर्थ असा, की सावध असलेले मोठे नर माणसांच्या फार जवळ येत नाहीत, आणि मादीने ही गोष्ट हेरलेली असते.

वाटाड्याचे दुसरे काम म्हणजे अस्वलाची देहबोली वाचणे. जांभई देणे, तोंडातून लाळ गळणे, दातांवर दात आपटणे, फुसकारणे ही अस्वस्थतेची चिन्हे आहेत. मागच्या पायांवर उभे राहिलेले अस्वल चित्रपटात भयंकर दिसते. प्रत्यक्षात ते बहुधा नीट पाहण्यासाठी व वास घेण्यासाठी उभे राहिलेले असते. अस्वल चरणे किंवा मासे धरणे थांबवून तुमच्याकडे पाहू लागले, म्हणजे तुम्ही फार जवळ आलात, एवढे ओळखले तरी पुष्कळ.

शेवटचा उपाय म्हणून वाटाडे बंदूक किंवा मिरचीचा फवारा बाळगतात. फवाऱ्यात मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सायसिन असते. अलास्कातील १९८५ ते २००६ या काळातील नोंदींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तपकिरी अस्वलावर फवारा वापरला गेला अशा प्रसंगांपैकी ९२ टक्के वेळा त्याने अस्वलाला रोखले, असे त्यात आढळले. पण वाटाड्याचे यश फवारा मारण्यात नाही, तो मारावा लागू नये यात आहे.

अनुभवी माणसेही का चुकतात?

मिचिओ होशिनो हे जपानी छायाचित्रकार अलास्कातील अस्वलांच्या छायाचित्रांसाठी जगप्रसिद्ध होते. ऑगस्ट १९९६ मध्ये रशियातील कामचात्का द्वीपकल्पावर, कुरील सरोवराकाठी, तंबूत झोपलेले असताना एका तपकिरी अस्वलाने त्यांना ठार केले. हे अस्वल त्यापूर्वी तळावरील अन्नसाठ्यापर्यंत पोचलेले होते. म्हणजे ते सरावलेले नव्हते, चटावलेले होते.

टिमोथी ट्रेडवेल या अमेरिकन माणसाने अलास्कातील काटमाई राष्ट्रीय उद्यानात तेरा उन्हाळे अस्वलांच्या सान्निध्यात घालवले. तो त्यांना नावे द्यायचा, जवळ जाऊन बोलायचा, आणि मिरचीचा फवारा वा विजेचे कुंपण वापरायचे त्याने सोडून दिले होते. ऑक्टोबर २००३ मध्ये तो आणि त्याची सहकारी अस्वलाच्या हल्ल्यात मरण पावले. त्या ठिकाणी नंतर दोन अस्वलेही मारली गेली. तेरा वर्षे काही झाले नाही याचा अर्थ पद्धत सुरक्षित आहे असा होत नाही. त्याच काटमाईत ब्रुक्स धबधब्यावर उंच लाकडी मंच बांधलेले आहेत. धबधब्याच्या मंचावर एका वेळी चाळीस जणांनाच प्रवेश मिळतो, आणि मंचाबाहेर अस्वलापासून किमान ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४६ मीटर अंतर राखावे लागते.

फिनलंडमध्ये, रशियाच्या सीमेलगतच्या जंगलात तिसरीच पद्धत आहे. तेथे लोक रात्रभर लाकडी आडोशात गप्प बसतात आणि समोर मांस टाकून अस्वलांना बोलावले जाते. माणूस दिसत नाही, त्यामुळे सराव होत नाही. पण अन्न ठेवले जाते, म्हणून चटक लागण्याची शंका उरतेच. यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. वरील दोन शब्द हाताशी असले म्हणजे विद्यार्थ्यांनाही या वादात भाग घेता येईल.

जिवंत अस्वलाची किंमत

हे सारे करायचे कशासाठी? एक उत्तर पैशाचे आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट नावाचे विस्तीर्ण वर्षावन आहे. तेथील २०१२ सालच्या हिशेबावर आधारलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अस्वले पाहायला आलेल्यांनी सुमारे दीड कोटी डॉलर खर्च केले होते. अस्वलांच्या शिकारीसाठी आलेल्यांचा खर्च त्याच्या बाराव्या हिश्श्याहूनही कमी होता. गणित सोपे आहे: शिकार केलेले अस्वल एकदाच विकले जाते, जिवंत अस्वल दर उन्हाळ्यात पुन्हा दिसते. तेथील आदिवासी समाजांनी आपल्या प्रदेशात हौसेखातर होणारी शिकार थांबवण्याची घोषणा २०१२ मध्येच केली होती. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारने तपकिरी अस्वलांच्या अशा शिकारीवर बंदी घातली. आता अनेक ठिकाणी तेथील आदिवासी तरुणच वाटाडे म्हणून काम करतात.

पण पैशाबरोबर जबाबदारीही येते. माणसाला न भिणारे अस्वल अभयारण्याची सीमा ओळखत नाही. सीमेपलीकडे बंदूक घेतलेला माणूस उभा असेल तर त्याच्याकडेही ते खडकासारखेच पाहील. मॅकनीलशेजारच्या जमिनीवर शिकारीला परवानगी देण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला, तेव्हा मोठा विरोध झाला तो याच मुद्द्यावर. २००७ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. आपण ज्या प्राण्याची भीती घालवली, त्याचे रक्षण करण्याची हमी आपण देऊ शकतो का? सहली काढण्यापूर्वी हा प्रश्न विचारला पाहिजे.

आपल्या देशात

आपल्या देशातही तपकिरी अस्वल आहे. जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडच्या उंच कुरणांत ते अगदी थोड्या संख्येने राहते. तेथे सालमन नाहीत. गवत, कंदमुळे, बिळांतील उंदरांसारखे प्राणी यांवर त्याची गुजराण चालते. अन्न विरळ, म्हणून अस्वलेही विरळ आणि परस्परांपासून दूर. तेथे मॅकनीलसारखी पंगत बसणे शक्य नाही. उलट काश्मीरमधील सोनमर्गसारख्या पर्यटनस्थळांजवळ ही अस्वले कचऱ्यातील अन्न खाऊ लागल्याचे आढळले आहे. म्हणजे तेथे आधी यलोस्टोनचा धडा गिरवायला हवा.

महाराष्ट्रातील मेळघाट, ताडोबा या जंगलांत दिसणारे काळे, झिपरे अस्वल हे वेगळ्या जातीचे. वजनाने ते तपकिरी अस्वलाच्या निम्मेही नसते, वाळवी आणि मुंग्या खाते. पण दचकल्यास तत्काळ अंगावर येते. मोहाची फुले वेचायला पहाटे रानात गेलेल्यांवर हल्ले होतात ते बहुधा यामुळेच. कर्नाटकात हंपीजवळच्या दरोजी अभयारण्यात खडकांना गुळासारखे गोड पदार्थ फासून या अस्वलांना आकर्षित करतात आणि दूरच्या मनोऱ्यावरून ती दाखवतात. छत्तीसगडमधील घुंचापाली येथील चंडी मंदिरात तर रानातील अस्वले प्रसाद खायला येतात म्हणून ते प्रसिद्ध झाले आहे. या दोन्ही ठिकाणची अस्वले सरावलेली म्हणायची की चटावलेली? आणि दोन्हींत फरक कोणता?

शाळेच्या आवारात

अस्वले नाहीत म्हणून हा विषय वर्गात अडून बसत नाही. कावळे, साळुंक्या, पारवे, खारी कोणत्याही शाळेभोवती असतात. जमिनीवर टिपणारा एखादा पक्षी निवडा. विद्यार्थ्याने ठरावीक, तीसेक पावलांच्या अंतरावरून सरळ त्याच्या दिशेने सावकाश, सारख्या वेगाने चालत जावे. पक्षी ज्या क्षणी उडेल त्या क्षणी थांबावे आणि तेथून पक्ष्याच्या जागेपर्यंतचे अंतर मोजावे. यास उड्डाण-अंतर म्हणू. एकाच जातीच्या पक्ष्यांची अशी दहा-पंधरा मापे घेऊन सरासरी काढा. मग तीच मापे गावाबाहेरच्या शेतात, वर्दळीच्या बाजारात आणि लोक दाणे टाकतात अशा जागी घ्या.

मापे हातात आली की चर्चा सुरू करा. कोणत्या जागी अंतर सर्वांत कमी आले? तेथील पक्षी केवळ उडत नाहीत, की तुमच्या दिशेने येतात? मुले पळत गेली तर अंतर बदलते का? सगळ्यांनी मिळून गेल्यास काय होते? एखाद्या कोपऱ्यात पंधरा दिवस रोज त्याच वेळी, त्याच वाटेने, काहीही न टाकता चालत गेल्यास माप बदलते का? बदलले, तर तो सराव आहे की तेथे आता वेगळेच पक्षी येत आहेत, हे कसे ठरवाल?

ऑमिलर यांनी मॅकनीलवर तीस उन्हाळे जे सांभाळले, ते मुळात हेच अंतर होते.